दीर्घिका चुंबकत्वाने बांधलेल्या नाहीत : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

व्हर्लपूल दीर्घिकेचं, म्हणजे एम ५१ चं, एक सुंदर चित्र पुन्हापुन्हा समोर येतंय. दोन मोठ्या सर्पिल भुजा आणि त्यांच्यावरून वळत जाणाऱ्या शेकडो बारीक रेषा. या रेषा चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवतात. चित्र खरं आहे, मोजमापांवरून काढलेलं आहे. त्याखाली जोडलेला मजकूर थोडक्यात असा :

"दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने नाही, तर चुंबकीय क्षेत्राने आणि अवकाशातल्या वीजप्रवाहांनी बनतात. सर्पिल भुजा म्हणजे चुंबकीय बलरेषाच. विद्युतचुंबकीय बल गुरुत्वाकर्षणाच्या १ वर ३९ शून्यं इतक्या पट मोठं आहे. तरी शास्त्रज्ञांनी चुंबकत्वाचा विचारच केला नाही. मग हिशेब जुळेना, म्हणून कृष्णद्रव्य नावाची न दिसणारी वस्तू कल्पून घेतली."

मला हा मजकूर पाठवणारे लोक विचार करणारे आहेत. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. दीर्घिकांमध्ये चुंबकीय क्षेत्र आहे आणि ते महत्त्वाचं आहे. मला या विषयाची गोडी लागली तीच या क्षेत्रामुळे. त्याच्या नावावर भलतंच काही खपवलेलं दिसलं की गप्प बसवत नाही. म्हणून संदेशातलं एकेक वाक्य घेतो. क्रम माझ्या सोयीचा आहे.

"शास्त्रज्ञांनी चुंबकत्वाचा विचारच केला नाही"

१९४९ साली हिल्टनर आणि हॉल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत किंचित ध्रुवीकृत होऊन पोचतो. म्हणजे त्याच्या लहरींची कंपनं एका ठरावीक दिशेला थोडी जास्त असतात. कारण ताऱ्यांमध्ये नव्हतं, वाटेतल्या धुळीत होतं. लांबट धूलिकण चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेने रांगेत लागतात आणि प्रकाश गाळतात, हे स्पष्टीकरण दोनच वर्षांत पुढे आलं. त्याच १९४९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी वैश्विक किरणांना, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान भारित कणांना, ऊर्जा कुठून मिळते याचा शोध घेत होते. त्यांनी उत्तरासाठी ताऱ्यांमधल्या पोकळीत फिरणारे चुंबकित वायुमेघच धरले होते.

१९५३ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि फर्मी यांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला. त्याचं शीर्षकच 'सर्पिल भुजांमधली चुंबकीय क्षेत्रं' असं आहे. त्यातली युक्ती मला आजही विलक्षण वाटते. ताणलेली तार वाऱ्याने फारशी हलत नाही, सैल तार हेलकावे खाते. वायूच्या खळबळीचा वेग माहीत असेल, तर ध्रुवीकरणाच्या दिशा एकमेकींपासून किती विखुरल्या आहेत यावरून 'तार' किती ताणलेली आहे, म्हणजे क्षेत्र किती बलवान आहे, हे काढता येतं. उत्तर आलं सुमारे ७ मायक्रोगॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, मायक्रोगॉस त्याचा दहा लाखावा भाग). सूर्याच्या परिसरातलं आजचं मोजमाप सुमारे ६ मायक्रोगॉस आहे. ही पद्धत अजून त्यांच्या नावाने वापरतात.

पुढचं भराभर सांगतो. १९६८ मध्ये हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या वर्णपटरेषेचं चुंबकीय क्षेत्रामुळे होणारं विभाजन मोजलं गेलं. १९७२ मध्ये नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क दुर्बिणीने एम ५१ मधून येणारं ध्रुवीकृत रेडिओ प्रारण टिपलं. त्यानंतर जर्मनीतली एफेल्सबर्गची १०० मीटर व्यासाची तबकडी, अमेरिकेतली व्हीएलए आणि आपली जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणी, धुळीचं ध्रुवीकरण मोजणारा प्लँक उपग्रह आणि विमानातून उडणारी सोफिया दुर्बीण, सगळ्यांनी यावर काम केलं. न जुळलेला हिशेब असा, की दीर्घिकांच्या कडा दिसणाऱ्या पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाला झेपेल त्याहून वेगाने फिरतात. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांचं देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याबद्दलचं गाजलेलं काम १९७० चं आहे. म्हणजे कृष्णद्रव्याची चर्चा तापली तेव्हा दीर्घिकेच्या चुंबकीय क्षेत्राचा आकडा हातात येऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती.

आणि 'चुंबकत्वामुळे दीर्घिकांच्या कडा एवढ्या वेगाने फिरत असतील का?' हा प्रश्नही विचारला गेला आहे. बातानेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात नेमकं हेच सुचवलं. ती कल्पना छापली गेली, वाचली गेली, तपासली गेली. ती का टिकली नाही, ते आता बघू.

"विद्युतचुंबकीय बल १ वर ३९ शून्यं इतक्या पट मोठं आहे"

आकडा बरोबर आहे. एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन यांच्यातलं विद्युत आकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण तितक्या पट आहे. पण दीर्घिका म्हणजे सुटा प्रोटॉन नव्हे. विद्युतभार दोन प्रकारचे असतात आणि ते एकमेकांना झाकून टाकतात. वस्तुमान एकाच प्रकारचं असतं, त्याची फक्त बेरीज होत जाते. बल एवढं प्रचंड आहे म्हणूनच भार वेगळे राहू शकत नाहीत. जरा कुठे धन भार जास्त झाला, की आसपासचे इलेक्ट्रॉन धावून येतात.

ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या आयनीभूत वायूत, म्हणजे ज्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत अशा वायूत, हे झाकणं किती अंतरात पूर्ण होतं याचं सोपं सूत्र आहे. सुमारे ८,००० अंश तापमान आणि दर शंभर घनसेंटिमीटरमध्ये मोजके काही इलेक्ट्रॉन, असे नेहमीचे आकडे घातले तर उत्तर येतं काही दहा मीटर. त्यापलीकडे त्या भाराचा प्रभाव पुसला जातो. आपल्या आकाशगंगेची तबकडी मात्र सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे.

उरतं चुंबकीय क्षेत्र. ते असं पुसलं जात नाही, दूरवर पोचतं. म्हणून खरा प्रश्न शून्यांचा नाही, ते क्षेत्र प्रत्यक्षात किती बलवान आहे याचा आहे.

"दीर्घिकेला चुंबकत्व बांधून ठेवतं"

इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण सगळा वाद या एका मुद्द्यावर ठरतो.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण अर्धा गॉस असतं. आकाशगंगेतल्या वायूत ते ५-६ मायक्रोगॉस असतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखाव्या भागाएवढं. एम ५१ सारख्या वायूने भरलेल्या दीर्घिकेत ते १५ ते ३० मायक्रोगॉसपर्यंत जातं. इतकं क्षीण क्षेत्र वायूला काहीच करू शकत नाही, असं मात्र समजू नका. तो वायूही अतिशय विरळ आहे, घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम एक अणू. तेव्हा तुलना पृथ्वीच्या चुंबकाशी न करता त्याच वायूच्या गतीशी करायला हवी.

त्यासाठी लागणारं सूत्र ज्यांचं आहे, त्यांचं नाव असल्या संदेशांमध्ये हमखास येतं : हानेस आल्फवेन. चुंबकित प्रवाही पदार्थांच्या अभ्यासासाठी त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. विश्वरचनेत वीज आणि प्लाझ्मा (म्हणजे आयनीभूत वायू) यांना फार मोठं स्थान आहे असं ते स्वतः मानत, हेही खरं आहे. चुंबकीय ताण वायूला जास्तीत जास्त किती वेगाने हलवू शकतो याचं माप म्हणजे 'आल्फवेन वेग'. क्षेत्र ५ मायक्रोगॉस आणि घनता घनसेंटिमीटरला एक अणू धरली, तर हा वेग सेकंदाला सुमारे ९ किलोमीटर येतो. तोच वायू दीर्घिकेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतोय. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे फिरण्यातली ऊर्जा चुंबकीय ऊर्जेच्या सुमारे सहाशे पट. बाहेरच्या कडेला घनता आणि क्षेत्र दोन्ही घटतात, तिथेही हे गुणोत्तर शंभराच्या वरच राहतं. इतका जोर लावून फिरणाऱ्या वायूला हे क्षेत्र वर्तुळात धरून ठेवू शकत नाही. कडेच्या वायूच्या वेगात ते फार तर काही किलोमीटरची भर घालू शकेल.

कोणी म्हणेल, मोजमाप चुकलं असेल, क्षेत्र खरं तर जास्त असेल. मग किती लागेल तेही काढू. वायूला २३० किलोमीटर वेगाने वळवायचं तर या घनतेला शंभर-सव्वाशे मायक्रोगॉस लागतील, तेही सगळीकडे. एवढ्या क्षेत्राचा दाब आसपासच्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण वायूवर जो दाब टाकतं त्याच्या शंभराहून जास्त पट होईल. आपल्या भागातली हायड्रोजनची तबकडी काही शे प्रकाशवर्षंच जाड आहे. त्या दाबाखाली ती एवढी पातळ राहिलीच नसती, फुगून वर-खाली उडून गेली असती. शिवाय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांतून रेडिओ प्रारण निघतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन तितकेच धरले तरी तिचं रेडिओ प्रारण कित्येकशे पट उजळ दिसलं असतं. तसं दिसत नाही. १९९२ ची कल्पना टिकली नाही त्यात असे हिशेब होते. दुसरं कारण होतं तारे.

संदेशात ताऱ्यांचा उल्लेखच नाही. वायूला क्षेत्र जाणवतं, कारण त्यात आयन असतात. सूर्यासारखा तारा मात्र बाहेरून जवळपास भाररहित, घट्ट गोळा आहे. गाया उपग्रहाने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मोजमापांत आपल्या सूर्यमालेचं केंद्राकडचं त्वरणही थेट मोजलं गेलं : दर सेकंदाला सेकंदी साधारण ०.२३ अब्जांश मीटर. सूर्याच्या वस्तुमानाला चुंबकीय क्षेत्राने एवढं वळवायचं तर सूर्यावर किती विद्युतभार लागेल? हिशेब करून बघितला. तो भार इतका प्रचंड येतो की त्याचं स्वतःवरचंच प्रतिकर्षण सूर्याला एकत्र धरणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक कोटी पट होईल. सूर्य क्षणभरही टिकणार नाही.

आणि तारे व वायू एकत्रच फिरताना दिसतात. हायड्रोजनचा वेग रेडिओ दुर्बीण मोजते, ताऱ्यांचा वेग त्यांच्या वर्णपटातून मिळतो, आणि दोन्ही जवळपास जुळतात. म्हातारे तारे, तरुण तारे, तारकागुच्छ, हायड्रोजनचे ढग, सगळे. यांपैकी चुंबकीय क्षेत्र फक्त एकाला नीट जाणवतं. सगळ्यांना सारखंच ओढणारं बल एकच आहे.

प्रतिवाद करणाऱ्यांचीही एक चूक इथे सांगायला हवी, कारण ती मी बऱ्याचदा वाचली आहे. 'हायड्रोजन उदासीन असतो, त्याला चुंबकत्व जाणवतच नाही' असं उत्तर दिलं जातं. ते बरोबर नाही. उदासीन वायूतही थोडे आयन असतात, ते सतत अणूंवर आदळत राहतात आणि चुंबकीय ताण त्यांच्यामार्फत सगळ्या वायूला पोचतो. म्हणूनच हा प्रश्न वरच्यासारखा आकडे मांडूनच सोडवावा लागतो.

"सर्पिल भुजा म्हणजे चुंबकीय बलरेषाच"

चित्रामुळे सगळ्यांत जास्त पटतं ते हे वाक्य. रेषा भुजांवरून जातात, मग भुजा रेषांमुळेच असणार.

आधी त्या रेषा काय आहेत ते बघू. दुर्बिणीला प्रत्येक ठिकाणी ध्रुवीकरणाची दिशा मिळते, म्हणजे क्षेत्राचा कल कळतो. ते या टोकाकडून त्या टोकाकडे जातं की उलट, हे त्यातून कळत नाही, त्याला वेगळी मोजमापं लागतात. शिवाय आपल्या दृष्टिरेषेत जी काही जाडी आहे त्या सगळ्याची सरासरी मिळते. हे सुटे कल जोडून संगणक डोळ्याला प्रवाहासारखी दिसणारी पोत काढतो. त्या रेषांमधून काही वाहत नाही.

मग त्या भुजांना समांतर का? सर्पिल भुजा हा मुळात ताऱ्यांच्या दाटीचा प्रकार आहे. लिन आणि शू यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या घनता-लहरींच्या सिद्धांतानुसार, निदान एम ५१ सारख्या ठळक दुहेरी भुजांच्या बाबतीत, भुजा म्हणजे तबकडीतून फिरणारी दाटीची लाट. तारे तिच्यात शिरतात, थोडे रेंगाळतात, बाहेर पडतात. वायूही त्या दाटीच्या गुरुत्वाकर्षणात ओढला जातो, पण तो ताऱ्यांसारखा सहज पार होत नाही. मागून येणारा पुढच्यावर आदळतो आणि भुजेच्या आतल्या कडेला दाबला जातो. छायाचित्रांतली धुळीची काळी पट्टी तीच. चुंबकीय क्षेत्र वायूत जणू गोठलेलं असतं, म्हणून वायूबरोबर तेही दाबलं जातं आणि भुजेला समांतर पसरतं. ओढ्यातलं शेवाळ पाण्याच्या दिशेनं लोळतं, तसं.

सोफिया दुर्बिणीने २०१९ मध्ये एम ७७ या दीर्घिकेत भुजांवरून सुमारे २४,००० प्रकाशवर्षं पसरलेलं असंच क्षेत्र टिपलं. ते चित्रही अशाच मजकुरासह फिरतं. ज्या शास्त्रज्ञांनी ते काढलं त्यांचा निष्कर्ष असा होता, की भुजा घडवणारं गुरुत्वाकर्षणच क्षेत्राला दाबतं आहे आणि हे घनता-लहरींच्या सिद्धांताशी जुळतं. चित्र त्यांचं घ्यायचं आणि निष्कर्ष उलटा लिहायचा, हे मला खरंच खटकतं.

आता क्षेत्र आणि भुजा जिथे एकत्र नाहीत अशा दीर्घिका बघू. सगळ्यांत ठळक एनजीसी ६९४६. एफेल्सबर्ग आणि व्हीएलए यांच्या निरीक्षणांतून १९९६ मध्ये दिसलं, की तिथलं सुसूत्र चुंबकीय क्षेत्र सगळ्यांत बलवान आहे ते ताऱ्यांच्या भुजांमध्ये नाही, दोन भुजांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यांत. तिथे क्षेत्राच्या स्वतःच्या 'चुंबकीय भुजा' आहेत. भुजांमध्ये एकूण क्षेत्र जास्त असतं, पण तिथे तारे जन्मतात, अतिनवतारे फुटतात, वायू ढवळला जातो आणि क्षेत्राचा गुंता होतो. भुजा चुंबकत्वाने घडवल्या असत्या तर हे नेमकं उलटं दिसायला हवं होतं. असाच प्रकार आयसी ३४२ मध्येही आहे.

दुसरं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. एनजीसी ४७३६ या दीर्घिकेत तारे जन्मतात ते एका जवळपास गोल कड्यात. चुंबकीय क्षेत्र मात्र सर्पिल आहे आणि ते त्या कड्याला आडवं छेदून जातं. एकाच ठिकाणी दोन आकृत्या, एक ताऱ्यांची आणि एक क्षेत्राची, आणि दोन्ही जुळत नाहीत.

तिसरी गोष्ट. अवरक्त प्रकाशात बघितलं की वायू आणि धूळ बाजूला पडतात आणि जुने, लालसर तारे दिसतात. ठळक भुजांच्या दीर्घिकांमध्ये भुजा तिथेही असतात. या ताऱ्यांना क्षेत्र जाणवत नाही हे वर आलंच आहे.

मग हे क्षेत्र आलं कुठून?

हा प्रश्न संदेशात नाही, पण उत्तर द्यायलाच हवं, कारण तिथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल उघडी पडते.

क्षेत्र नुसतंच वायूत गोठलेलं असतं आणि दीर्घिकेबरोबर फिरत असतं, तर ते कधीच गुंडाळलं जाऊन संपलं असतं. सूर्याला एक फेरी मारायला साधारण २२-२३ कोटी वर्षं लागतात, आणि आतला भाग बाहेरच्या भागाहून लवकर फेरी पूर्ण करतो. अशा पन्नासेक फेऱ्यांत क्षेत्ररेषा घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या इतक्या घट्ट गुंडाळल्या गेल्या असत्या की जवळपास वर्तुळंच उरली असती. प्रत्यक्षात त्या वर्तुळाशी १० ते ३० अंशांचा कोन करतात. म्हणजे क्षेत्र सतत नव्याने तयार होत असलं पाहिजे.

ते करणारी यंत्रणा म्हणजे डायनॅमो. अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी वायू ढवळला जातो. वर उसळणारा वायू दीर्घिकेच्या फिरण्यामुळे पिळला जातो आणि आपल्याबरोबर क्षेत्ररेषांचीही वेटोळी वर उचलतो. मग आतल्या-बाहेरच्या भागांच्या वेगातला फरक ती वेटोळी ताणून लांब करतो. युजीन पार्कर यांनी या कल्पनेचा पाया १९५५ मध्ये घातला. क्षेत्र वाढत वाढत वायूच्या खळबळीच्या ऊर्जेएवढं झालं की वाढ थांबते, कारण मग ते स्वतःच पिळाला विरोध करतं. मोजलेलं क्षेत्र साधारण तेवढंच आहे. खळबळीचा वेग सेकंदाला दहाएक किलोमीटर, आल्फवेन वेग नऊ. हा योगायोग नाही.

म्हणजे क्षेत्राला ऊर्जा मिळते ती फिरण्यातून आणि ताऱ्यांच्या स्फोटांतून. जे फिरण्यावर पोसलं जातं, तेच फिरणं घडवून आणू शकत नाही.

"हिशेब जुळेना म्हणून कृष्णद्रव्य कल्पून घेतलं"

कृष्णद्रव्याचा कण अजून कुणी पकडलेला नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. गुरुत्वाचा नियमच थोडा बदलावा असं म्हणणारेही गंभीर शास्त्रज्ञ आहेत. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ पासून तो मार्ग धरला. त्या वादात मी इथे पडत नाही. मुद्दा एवढाच, की 'कृष्णद्रव्याऐवजी चुंबकत्व' हा पर्याय जिथे लावून बघावा तिथे कोसळतो.

आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या बटू दीर्घिका घ्या, उदाहरणार्थ कालेय तारकासमूहातली ड्रॅको. तिच्यात वायू जवळजवळ नाही, नवे तारे जन्मत नाहीत, फिरणारी तबकडी नाही. म्हणजे डायनॅमो नाही, आणि क्षेत्र ज्याला धरेल असं काही नाही. आहेत ते जुने तारे, एकमेकांच्या तुलनेत सेकंदाला नऊएक किलोमीटर वेगाने इकडेतिकडे जाणारे. दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरायला मुळीच पुरत नाही. ज्या दीर्घिकेत चुंबकत्वाला सगळ्यांत कमी वाव आहे, तिथेच वस्तुमानाची तूट सगळ्यांत मोठी आहे.

किंवा प्रकाश घ्या. गुरुत्वीय भिंगामुळे मागच्या दीर्घिकेचा प्रकाश पुढच्या वस्तुमानापाशी वळतो, आणि तो किती वळला यावरून वस्तुमान मोजता येतं. प्रकाशाला विद्युतभार नाही, दीर्घिकांमधलं क्षेत्र त्याला वळवत नाही. तरीही या पद्धतीने निघणारं वस्तुमान दिसणाऱ्या पदार्थाच्या कित्येक पट येतं. बुलेट क्लस्टर या दोन आदळलेल्या दीर्घिकासमूहांत तर वायू टक्करीत मागे राहिला आणि भिंगाने दाखवलेलं बहुतेक वस्तुमान दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलं. २००६ साली हे जाहीर झालं. चुंबकीय क्षेत्र चिकटून राहतं ते वायूला. त्या हिशेबाने तूट वायूपाशी दिसायला हवी होती.

यात मला फार आवडणारा एक प्रसंग आहे. २०२३ मध्ये अल्मा दुर्बिणीने ९आयओ९ या अतिदूरच्या दीर्घिकेत सुसूत्र चुंबकीय क्षेत्र टिपलं. तिचा प्रकाश निघून ११ अब्जांहून जास्त वर्षं झाली. 'चुंबकत्व आधीपासूनच होतं' याचा पुरावा म्हणून हा शोध सांगितला जातो. पण ती दीर्घिका एवढी ठळक दिसू शकली, कारण मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तिचा प्रकाश भिंगासारखा मोठा केला होता.

"प्रयोगशाळेत प्लाझ्मापासून दीर्घिकेचा आकार बनतो"

संदेशाच्या काही आवृत्त्यांत हेही असतं. याचा आधार म्हणजे अँथनी पेरॅट यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली संगणकीय प्रतिरूपं. वीजप्रवाहाचे दोन तंतू एकमेकांभोवती फिरून सर्पिल आकार घेतात. आकार दिसतो हे खरं. पण सर्पिल आकार चक्रीवादळातही दिसतो. फिरणं आणि आतबाहेर वेगळा वेग असला की तो येतोच. दीर्घिका पोसायला दीर्घिकेएवढाच लांब वीजप्रवाह लागेल, आणि तो रेडिओ दुर्बिणींना ठळक दिसला पाहिजे. तसा तो दिसत नाही.

चुंबकत्व खरंच काय करतं

हे सगळं वाचून 'म्हणजे चुंबकत्व बिनमहत्त्वाचं' असं कुणाला वाटलं तर माझं लिहिणं चुकलं. फिरण्याच्या ऊर्जेपुढे क्षेत्र लहान आहे, पण वायूच्या दाबापुढे ते बरोबरीचं आहे. म्हणून दीर्घिकेचा सांगाडा नाही, तर त्यातल्या वायूची बारीक घडण ते ठरवतं.

वायूची तबकडी गुरुत्वाकर्षणाने आणखी पातळ का होत नाही, याच्या उत्तरात क्षेत्राचा दाब आहे. वैश्विक किरणांना तेच अडकवून ठेवतं. सर्वसाधारण ऊर्जेचा प्रोटॉन ५ मायक्रोगॉस क्षेत्रात काही दशलक्ष किलोमीटर त्रिज्येची वळणं घेत राहतो. पृथ्वी-सूर्य अंतर १५ कोटी किलोमीटर आहे, म्हणजे ही वळणं त्यामानाने बारीकच. सरळ निघाला असता तर काही हजार वर्षांत तबकडीबाहेर पडला असता, पण असा भटकत तो कोटीभर वर्षं आत राहतो. आण्विक मेघ, म्हणजे ज्यांतून तारे जन्मतात ते दाट, थंड वायूचे ढग, आपल्याच वजनाने कोसळून भराभर तारे बनायला हवेत, तसं होत नाही, याला वायूच्या खळबळीइतकाच चुंबकीय आधारही कारण आहे. प्लँकच्या नकाशांत विरळ वायूचे धागे क्षेत्राला समांतर आणि दाट धागे बहुधा काटकोनात दिसतात. दाट मेघ गोळा होताना वायू क्षेत्ररेषांवरून घसरत येतो, असं त्यातून सूचित होतं.

एक ठिकाण असंही आहे जिथे चुंबकत्व वायूला मोठ्या प्रमाणावर हलवतं. एनजीसी १०९७ या दांडीवाल्या सर्पिल दीर्घिकेत दांडीवरून आत आलेला वायू केंद्राभोवती कड्यात साचतो. तिथे क्षेत्र ६० मायक्रोगॉसच्या आसपास आहे. रायनर बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या हिशेबानुसार त्याचा ताण वायूची फिरण्याची गती कमी करून वर्षाला काही सूर्यांएवढं वस्तुमान आत, कृष्णविवराकडे ढकलू शकतो. ही चुंबकत्वाची खरी ताकद आहे.

आणि शेवटी पुन्हा एम ५१ चं चित्र. सोफियाच्या २०२१ च्या निरीक्षणांत धुळीवरून मिळालेल्या रेषा आतल्या भागात भुजांना आणि रेडिओवरून मिळालेल्या रेषांना छान जुळतात. बाहेरच्या भागात मात्र त्या रेडिओच्या रेषांपासून ढळतात, भुजांच्या वळणापासूनही. धूळ दाट, थंड वायूतलं क्षेत्र दाखवते, रेडिओ त्याभोवतीच्या विरळ थरांतलं. हा फरक तारे जन्मताना होणाऱ्या खळबळीमुळे असेल, किंवा बाजूची साथीदार दीर्घिका एनजीसी ५१९५ आपल्या गुरुत्वाकर्षणाने वायू ओढते म्हणून असेल. चित्र पुन्हा समोर आलं, तर बाहेरच्या भुजेवर, त्या साथीदाराकडे झुकणाऱ्या टोकाकडे बघा.